न उघडणारी खिडकी

माझे मामा कोणाच्याही घरी गेले की आधी खिडकीपाशी जातात. बाहेर काय आहे ते बघायला नाही. कोपऱ्यात पुट्टी कशी भरलीय, कडा नीट घासलीय का, काचेत लाट तर नाही ना, हे बघायला. मान तिरकी करून, एक डोळा मिटून ते काचेकडे असे बघतात की घरातल्या माणसांना वाटावं, आपलंच काहीतरी चुकलंय. मग काचेवरून बोट फिरवून म्हणतात, "कोणी बसवली? बरी आहे."

'बरी' हा त्यांचा सगळ्यात मोठा शेरा. 'छान' हा शब्द त्यांनी माझ्या ऐकण्यात एकाच काचेसाठी वापरला. त्या काचेची आणि मामांची ही गोष्ट आहे.

मामांचा धंदा काचेचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लाकडी घोडे, त्यांवर पुस्तकं लावावीत तशा उभ्या लावलेल्या काचा. मधे मोठं टेबल आणि त्यावर जुना गालिचा, काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून. मामा कटर रॉकेलमध्ये बुडवायचे, पट्टी लावून एकच रेघ ओढायचे, खालून हलकी टिचकी मारायचे, की काच त्या रेघेवर मुकाट्याने दोन होऊन पडायची. रेघ दुसऱ्यांदा ओढलेली मी कधी पाहिली नाही. ते म्हणायचे, "चांगली काच कोणती, तर जी आहे हे कळतच नाही ती."

त्यावर मामीचं उत्तर ठरलेलं असायचं. "यांचं सगळं कौतुक न दिसणाऱ्या वस्तूंचं. मी पडले दिसणारी."

मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. सगळी कामं यंत्रं करायला लागण्याआधीच्या काळात ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि लोकांना लोकांशी जोडून द्यायची. एवढी वर्षं नुसते आवाज ऐकून तिचा कान असा तयार झाला होता की फोनवर मी नुसतं 'हॅलो' म्हटलं की ती विचारायची, "सर्दी झालीय की रडलीस?" डोळ्यांनी मात्र ती अधू. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्यांतली.

म्हणजे सगळं आयुष्य डोळ्यांवर काढलेला माणूस आणि सगळं आयुष्य कानांवर काढलेली बाई, असा तो संसार होता. भांडणं फार नव्हती. मामांचे कान तर कडा घासायच्या मशीनने केव्हाच निम्मे नेले होते. मामी म्हणायची, "आमचं पटतं, कारण यांना अर्धंच ऐकू येतं आणि मला अर्धंच दिसतं."

घरामागे छोटी बाग होती. एक लिंबाचं झाड, तीन-चार झुडपं, एक गळका नळ आणि त्याखाली टवका उडालेलं घमेलं. घमेल्यात पाणी साचायचं आणि पाखरं आंघोळीला यायची. मामा नळ दुरुस्त करायला निघाले की मामी हात धरायची. संध्याकाळी ती म्हणायची, "जरा बाग ऐकून येते." झाडांना पाणी घालणं हे निमित्त.

पाखरांची खरी नावं तिला माहीत नव्हती आणि हवीही नव्हती. तिने आवाजावरून नावं ठेवली होती. बुलबुल म्हणजे कंडक्टर, कारण तो सारखा कोणाला तरी पुढे सरका म्हणून सांगत असल्यासारखा ओरडायचा. चिमण्या म्हणजे मास्तर गैरहजर असलेला वर्ग. आणि मास्तर वेगळे होते. मास्तर पहाटे, उजाडायच्या जरा आधी, शेजारच्या गच्चीवरच्या उंच नळीवर बसून शीळ घालायचे. आधी घसा खाकरल्यासारखे दोन बारीक सूर, मग थांबणं, मग लांबलचक धडा. कधी मधेच दुसऱ्या पाखराची नक्कल. तो दयाळ पक्षी होता, काळापांढरा, शेपटी उभी ठेवणारा. मामीने त्याला नीट कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या लांबचं तिला दिसत नसे. पण त्याने एखादा सूर नवा घेतला तर ती चहा गाळताना थांबायची.

मग मामीचा मणका गेला. चालणं बंद झालं, काही दिवसांनी बसणंही. मामांनी तिचा पलंग मागच्या खोलीत हलवला, बागेजवळ. त्या खोलीला एक जुनी खिडकी होती, उंचावर, लाकडी झडपांची. काठीने ढकलली की उघडायची. पलंगावरून त्या खिडकीतून आभाळाची एक पट्टी दिसायची, बस्स.

मामा आम्हाला म्हणायचे, "दिवसभर भिंतीकडे बघत पडून असते गं." ती भिंतीकडे बघत नाहीये, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. आजारी माणूस गप्प पडून असेल तर तो नुसता पडलाय असंच आपल्याला वाटतं. मामी त्या झडपांतून पहाटेपासून बाग ऐकत असायची.

मामांनी ठरवलं, पलंगासमोरची आख्खी भिंत काढायची आणि तिथे काच बसवायची. एका मोठ्या दुकानासाठी भट्टीत तापवून बनवलेली कडक काच ऐन वेळी नको म्हणून परत आली होती, ती त्यांच्याकडे पडून होती. माप जवळजवळ भिंतीएवढं. कुठे लाट नाही, कुठे बुडबुडा नाही. तिला उन्हात धरून मामा 'छान' म्हणाले, तो हा प्रसंग.

मामी म्हणाली, "खिडकी मोठी करा, माझं काही म्हणणं नाही. पण उघडता येईल अशी करा."

"उघडायची म्हणजे मधे दांडी आली," मामा म्हणाले. "दांडी आली की बागेचे दोन तुकडे. आणि धूळ, डास. तुला खोकला लागतो."

"मग वर एखादी झडप?"

"करू की. आधी ही बसू दे."

झडप नंतर करू असं मामा खरंच मनापासून म्हणाले होते. ते खोटं बोलणारे नव्हेत. फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा एवढंच होतं, की ती डोळे उघडेल आणि तिला सगळी बाग एकदम दिसेल.

काच बसवली त्या दिवशी मी तिथे होते. गवंड्याने भिंत आदल्या दिवशीच काढली होती. जुनी झडपांची खिडकी त्या भिंतीबरोबर गेली. सकाळी चार माणसांनी रबरी चकत्यांच्या पकडीने काच उचलली. मामा पुढे उलटे चालत होते आणि नवरदेवाला आणावं तसे "हळू, हळू, डावीकडे" करत होते. काच चौकटीत बसली. मामांनी कडेने सिलिकॉन फिरवायला घेतलं. खालची बाजू, डावी, वरची. मी मामीच्या पलंगाशी उभी होते. नळाचं टपटप, कंडक्टरचा आरडाओरडा, रस्त्यावरच्या सायकलची घंटा, सगळं आत येत होतं आणि हळूहळू बारीक होत होतं. शेवटची बाजू पूर्ण झाली आणि आवाज संपले.

मामी हळूच मला म्हणाली, "लाइन कट झाली."

मामा बाहेरून काचेला नाक लावून हात हलवत होते. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण कळलं. "दिसतंय ना?"

मामीने हात हलवला. "दिसतंय, दिसतंय," ती म्हणाली, ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं.

दिसत तर खरंच होतं. मामा गिऱ्हाइकांना मुद्दाम घरी आणून ती काच दाखवायचे. मामीही सगळ्यांसमोर कौतुक करायची. अधू डोळ्यांना एवढ्या जवळचं दिसायचं, त्यामुळे तिने पाखरं पहिल्यांदा नीट पाहिली. मी रविवारी गेले की ती मला सांगायची. चिमण्या घमेल्याच्या काठावर एकमेकींना ढकलतात, पण मांजर आलं की जी आधी पाहते ती आधी ओरडते, भांडण सुरू असलं तरी. बुलबुल जोडीने येतात आणि एक खात असला की दुसरा वर बसून राखण करतो. "बघ, आणि आपण ताटं वाढली की टीव्ही लावतो," ती म्हणायची. पण गंमत अशी की आवाज आणि पाखरू यांची जोडी तिला लावता येईना. कंडक्टर कोणता आणि वर्ग कोणता हे तिला मीच सांगितलं. एक काळापांढरा पक्षी लिंबावर बसून चोच उघडायचा, मिटायचा, गळा फुगवायचा. ती म्हणाली, "हा कोण? सारखा जांभया देतो."

मी म्हटलं, "मामी, हेच मास्तर."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढेसेच आहेत होय."

थोड्याच दिवसांत मास्तर काचेवर येऊन आदळायला लागले. उन्हाळा होता, त्यांचे घरट्याचे दिवस. मागच्या भिंतीतल्या एका बंद पडलेल्या पाइपात मादीने घर केलं होतं. खोलीत अंधार, बाहेर लख्ख ऊन, त्यामुळे बाहेरून ती काच म्हणजे आरसाच झाली होती. दयाळाला त्यात दुसरा दयाळ दिसायचा, अगदी त्याच्याच तोडीचा, त्याच्याच हद्दीत. तो शेपटी उभारून झेपावायचा, चोच मारायचा, खाली पडायचा, पुन्हा उठायचा. समोरचाही उठायचा. हरायचा नाही आणि पळायचाही नाही.

पहिल्या दिवशी मामी हसली. "बायको पोरांपाशी एकटी आणि हे इथे भिंतीशी भांडतायत. पुरुषांना काहीतरी उद्योग लागतो."

पण तो थांबेना. सकाळ झाली की काचेवर ठकठक. एवढा एकच आवाज आत यायचा. काचेवर पिसांच्या धुळीचे आणि चोचीचे डाग पडायचे, कधी रक्ताचा बारीक ठिपका. मामांना डाग सहन व्हायचे नाहीत. दुकानात जायच्या आधी ते बाहेरून काच चकचकीत पुसायचे, कागदाचा बोळा करून, कोपऱ्यापर्यंत. काच स्वच्छ झाली की मास्तरांना शत्रू आणखी स्पष्ट दिसायचा.

मामी एकदा त्यांना म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच काचेला लागलायत. तो बाहेरून आणि तुम्हीपण बाहेरून."

मामा हसले. मीही हसले. तिची बोलण्याची रीतच तशी होती.

मी मशीन का बिघडलं हे शोधण्याचं काम करते, त्यामुळे उपाय सांगायला मी पुढे. बाहेरून साबणाचं पाणी लावून काच धुरकट करा, म्हणजे प्रतिबिंब दिसणार नाही. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना नाकावर काजळ लावून फिरायला सांगितलं होतं. "मग हिला काय दिसणार?"

"अहो, नाही दिसलं तर चालेल," मामी म्हणाली.

"चालेल कसं? तुझ्यासाठीच तर केलं."

तेव्हा मामी बोलली. रागाने नाही. पाणी मागावं तसं. "मला बघायचं नव्हतं. मला ऐकायचं होतं. तुम्ही भिंत काढलीत आणि झडपही काढलीत. मला पहाटे जाग येते तेव्हा बाहेर अंधार असतो, मला काय दिसणार? मास्तर गात असतात, त्यांची चोच हलत असेल, आणि मी नुसती पडून असते. एवढा एक सूर मला आत येऊ द्या. बाकी काही नको."

मामा पलंगाच्या कडेवरून बोट फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "आधी का नाही म्हणालीस?"

"म्हणाले होते."

आता इथे काचेची एक गोष्ट सांगायला हवी. कडक काच भट्टीतून एकदा निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. कटर लावला तर सगळीच्या सगळी साखरेसारखी फुटते. म्हणजे झडप करायची तर ही काच पूर्ण काढायची आणि नवी खिडकी बसवायची. 'नंतर करू' म्हणताना मामांना हे माहीत नव्हतं असं होणारच नाही. त्या दिवशी ते त्यांना आठवलं नाही, इतकंच. बागेचे दोन तुकडे होऊ नयेत, यापुढे त्यांचा विचार गेला नाही.

"काढतो," मामा म्हणाले. "नवी चौकट आली की लगेच."

मामांनी दुसऱ्याच दिवशी काच काढली असती आणि तिथे नुसता पडदा लावला असता, तर मामीला पुढच्या पहाटे मास्तर ऐकू आले असते. हे ते आता स्वतःच म्हणतात. पण भिंतीएवढी जागा उघडी कशी ठेवायची, मांजर येईल, चोर येईल, ऊन येईल, ही कारणं होती, आणि खोटी नव्हती. शिवाय नवी खिडकी सरकती हवी आणि तिची दांडी बारीकात बारीक हवी. पहिली चौकट त्यांना जाड वाटली. दुसरीचा रूळ अडखळत होता. सुताराला त्यांनी परत पाठवलं. "एकदाच करायचं तर नीट करू," ते म्हणायचे. मामी म्हणायची, "करा." मधेच पिल्लं उडाली, मास्तरांचं भांडण मिटलं, काचेवरची ठकठक थांबली. घाई करायला लावणारं काही राहिलं नाही.

पुढे थंडी पडली तशी मामीच्या छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा मामांनी पहिल्यांदा घाई केली. पहिलीच, जाड दांडीची चौकट त्यांनी आणली, माणसं गोळा केली, सिलिकॉन सुरीने कापून ती मोठी काच अख्खी बाहेर काढली आणि दुकानात नेऊन तोंड भिंतीकडे करून ठेवली. नवी खिडकी दोन्ही बाजूंनी सरकत होती. दांडी बरोबर लिंबाच्या बुंध्यावर येत होती. मामांनी तिकडे एकदा पाहिलं आणि हत्यारं गोळा केली.

मामीला घरी आणलं तेव्हा खिडकी सताड उघडी होती. तिने उशीवर डोकं टेकलं, डोळे मिटले. "नळ अजून गळतोय," ती म्हणाली. मग, "वर्ग भरलाय." मग बराच वेळ काही नाही. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"मास्तर?" त्यांनी विचारलं.

"येतील की. पहाटे येतात ते."

त्यानंतर ती फार दिवस नव्हती. थंडी सरायच्या आत गेली. त्या दिवसांत मामा दुकान उशिरा उघडायचे आणि पहाटे खुर्ची घेऊन तिच्याजवळ बसायचे. मी कधी मुक्कामाला असले तर शेजारच्या खोलीतून मला त्यांचं हळू बोलणं ऐकू यायचं. ती बोलायची थोडं, ते ऐकायचे बरंच. एवढं एकमेकांजवळ बसलेलं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. घरात सगळे म्हणायचे, उशिरा का होईना, मामांनी खिडकी केली आणि तिला तिचे मास्तर मिळाले.

ती गेल्यावर मामा त्याच खोलीत राहायला लागले. दुकान असलेल्या कामापुरतं ठेवलं. आता कोणी खिडकीचं माप द्यायला आलं की ते आधी विचारतात, "आत कोण बसणार आहे?" लोक बुचकळ्यात पडतात. उरलेला वेळ ते बागेकडे तोंड करून बसतात. एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी ती पाखरं पाहिली आणि, जमेल तेवढी, ऐकली. बहिऱ्या कानाला हात लावून, पुढे वाकून. पूर्वी एक डोळा मिटून काच बघायचे, त्याच चिकाटीने.

मागच्या महिन्यात मी गेले होते. उन्हाळा लागला होता आणि शेजारच्या गच्चीवरच्या नळीवर दयाळ गात होता. तोच की त्याचा मुलगा, कोणाला माहीत. चहा पिताना मामांनी मला विचारलं, "हा वर्षभर गात नाही, ना?"

मी म्हटलं, "नाही. घरट्याचे दिवस संपले की गाणं बंद. मग नुसता बारीक चिरचिर करतो. थंडी ओसरेपर्यंत जवळजवळ गप्पच असतो."

"तेच," मामा म्हणाले. "मला वाटलं होतं माझ्या कानांचा दोष. म्हणून वर्षभर बसून खात्री केली."

मग कपाकडे बघत म्हणाले, "ती घरी आल्यावर, पहाटे मी जवळ बसायचो. ती एकदम म्हणायची, 'आले मास्तर. ऐकलंत का?' मला काहीच ऐकू यायचं नाही. मी म्हणायचो, 'हो, ऐकलं की.' ती विचारायची, 'आज काय शिकवलं?' मी म्हणायचो, 'कालचंच.' ती हसायची."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल, मामा."

"ते कळलं मला. वर्षाने कळलं, पण कळलं." त्यांनी कप खाली ठेवला. "पण अगं, बाहेर काही वाजतच नव्हतं. आणि मी रोज हो म्हणत होतो. म्हणजे मी ऐकत नाहीये, हे तिला त्या पहिल्याच पहाटे कळलं असणार."

मामांनी खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली आणि चांगला कान बाहेरच्या बाजूला येईल असे वळून बसले.